तुंगार्लीचा सातबारा वडगावच्या कॉम्प्युटरवरून राज्याच्या सर्व्हरवर: डेटाबेस 'हलवतात' म्हणजे नेमकं काय करतात?

समजा, लोणावळ्याच्या तुंगार्लीत तुमच्या आजोबांच्या नावावर जमिनीचा एक तुकडा आहे. त्याचा सातबारा आज तुम्ही ठाण्यात, नागपुरात किंवा थेट न्यू जर्सीत बसून मोबाइलवर पाहू शकता. महाभूलेखच्या वेबसाइटवर जायचं, पुणे विभाग, पुणे जिल्हा, मावळ तालुका आणि तुंगार्ली गाव निवडायचं, गट किंवा सर्व्हे नंबर टाकायचा. उतारा समोर येतो.

पण ही नोंद पहिल्यापासून तिथे नव्हती. आधी ती तलाठ्याच्या दप्तरात कागदावर होती. मग ती तालुक्याच्या ठिकाणी, म्हणजे वडगाव मावळला, कॉम्प्युटरवर आली. त्यानंतर ती राज्याच्या डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर गेली. म्हणजे तुमच्या जमिनीच्या नोंदीने दोनदा घर बदललं. या प्रवासात आजोबांचं नाव, जमिनीचं क्षेत्र आणि सोसायटीच्या कर्जाचा बोजा हे सगळं जसंच्या तसं पोचलं का? तुंगार्लीत बंगल्यांसाठी गुंठ्यागुंठ्याचा व्यवहार होतो. तिथे एक शून्य इकडचं तिकडे झालं तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

एका कॉम्प्युटरवरचा डेटाबेस दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेणं, याला तंत्रज्ञानाच्या भाषेत डेटा मायग्रेशन म्हणतात. बँका, रुग्णालयं, महापालिका, सहकारी सोसायट्या सगळ्यांना ते कधी ना कधी करावं लागतं. ते कसं होतं आणि कुठे फसतं, हे सातबाऱ्याच्या उदाहरणातून समजून घेऊया.

फाइल कॉपी होते, मग डेटाबेस का नाही?

लग्नाचे फोटो पेनड्राइव्हवर घेतले आणि दुसऱ्या लॅपटॉपवर टाकले, की काम झालं. डेटाबेसचं तसं होत नाही. त्याची दोन कारणं आहेत.

पहिलं कारण म्हणजे डेटाबेस हा एकमेकांत गुंतलेल्या तक्त्यांचा संच असतो. सातबाऱ्याचंच बघा. एका तक्त्यात गावं, दुसऱ्यात गट नंबर, तिसऱ्यात खातेदार, चौथ्यात फेरफार अशी रचना असते. गटाच्या तक्त्यात तुमच्या आजोबांचं नाव सहसा लिहिलेलं नसतं. तिथे फक्त खाते क्रमांक असतो, समजा २१७. या २१७ नंबरचा माणूस कोण, हे खातेदारांच्या तक्त्यात असतं. तुम्हाला स्क्रीनवर जो उतारा दिसतो, तो हे तक्ते जोडून त्या क्षणी तयार केलेला असतो. आता डेटा हलवताना एका तक्त्यात खात्यांना नवे क्रमांक मिळाले आणि दुसऱ्यात जुनेच राहिले, तर एकही अक्षर न पुसता तुमच्या जमिनीवर शेजाऱ्याचं नाव येऊ शकतं.

दुसरं कारण म्हणजे डेटाबेस चालू असतो. जमीन विकली गेली की विकणाऱ्याचं नाव कमी करायचं आणि घेणाऱ्याचं नाव लावायचं, अशी दोन कामं होतात. डेटाबेस ती एकत्रच करतो. दोन्ही होतील किंवा एकही होणार नाही, अशी त्याची हमी असते. तुम्ही नेमकं मध्येच त्याच्या फाइल कॉपी केल्या, तर कॉपीत जुनं नाव गेलेलं आणि नवं लागलेलं नाही, अशी जमीन सापडू शकते. शिवाय चालू डेटाबेसचा काही भाग डिस्कवर उतरलेलाच नसतो, तो मेमरीत असतो. म्हणून डेटाबेसच्या फाइल उचलून न नेता, डेटाबेसलाच सांगायचं असतं की या क्षणाची पूर्ण प्रत काढून दे. मायएसक्यूएलमध्ये मायएसक्यूएलडम्प आणि पोस्टग्रेसमध्ये पीजी-डम्प ही साधनं त्यासाठीच असतात. त्यातून निघालेल्या प्रतीला बोलीभाषेत 'डम्प' म्हणतात. नव्या कॉम्प्युटरवर तो डम्प वाचून तक्ते पुन्हा उभे केले जातात.

वर्ध्यापासून सुरुवात

देशात जमिनीच्या नोंदी कॉम्प्युटरवर आणण्याची केंद्राची योजना १९८८-८९ मध्ये आठ जिल्ह्यांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. त्यात महाराष्ट्रातला वर्धा जिल्हा होता. पुढे इतर जिल्ह्यांत काम पसरलं. त्या काळी गावोगावी इंटरनेट असणं शक्यच नव्हतं, त्यामुळे डेटा तालुक्याच्या ठिकाणी ठेवण्याची पद्धत पडली. प्रत्येक तालुक्याचं स्वतंत्र कपाट, असं म्हणा. मावळचा डेटा मावळात, मुळशीचा मुळशीत.

याचा फायदा होता, लाइन नसली तरी काम चालायचं. तोटा मोठा होता. राज्यात ३५८ तालुके आहेत. म्हणजे तितक्या ठिकाणी कॉम्प्युटर सांभाळायचे, तितक्या ठिकाणी बॅकअप घ्यायचे. घाटमाथ्यावरच्या पावसाळ्यात वीज किती वेळा जाते, हे लोणावळेकरांना विचारा. आणि हार्ड डिस्क कधी ना कधी बिघडतेच.

२००८ मध्ये केंद्राने राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आणला, २०१६ पासून त्याचं नाव डिजिटल इंडिया भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम झालं. त्या छत्राखाली महाराष्ट्रात ई-फेरफार प्रकल्प उभा राहिला. पुण्यातल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने त्याचं सॉफ्टवेअर तयार केलं. तालुक्यांची वेगवेगळी कपाटं रिकामी करून सगळा डेटा राज्याच्या डेटा सेंटरमध्ये एकत्र आणायचा आणि फेरफार थेट ऑनलाइन घ्यायचे, असं त्याचं स्वरूप होतं. राज्यात सातबारा उतारे अडीच कोटींच्या आसपास आहेत. एवढं बिऱ्हाड एका रात्रीत हलत नाही. ते तालुक्या-तालुक्याने हललं.

इथे एक गंमतीची गोष्ट. डेटा 'नेणं' हा या कामातला सर्वात सोपा भाग आहे. एक टेराबाइट डेटा १०० एमबीपीएसच्या लाइनवरून पाठवायला, लाइन एकदाही न तुटता, साधारण २२ तास लागतात. तीच हार्ड डिस्क पिशवीत घालून लोणावळ्याहून डेक्कन क्वीनमध्ये बसलात तर अडीच तासांच्या आत मुंबई. ही थट्टा नाही. अॅमेझॉनने २०१६ मध्ये याच कामासाठी चक्क ४५ फुटी कंटेनर असलेला ट्रक आणला होता. त्यात १०० पेटाबाइट डेटा मावायचा. डिस्क अशी हातोहात नेताना ती एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे कुलूपबंद हवी, एवढंच पथ्य. पिशवी हरवली तरी आतलं कुणाला वाचता येऊ नये.

खरा वेळ जातो तो दोन गोष्टींत. जुन्या घरातल्या वस्तूंचा अर्थ नव्या घरात बदलू न देणं आणि सगळं पोचलं याची खात्री करणं.

'तुंगार्ली' या शब्दाला किती जागा लागते?

मराठी डेटा हलवताना सर्वात जास्त मार खाते ती आपली लिपी. याबद्दल मराठीत फारसं लिहिलं जात नाही, म्हणून जरा सविस्तर.

युनिकोड रुळण्याआधी मराठी टायपिंग बरंचसं फॉन्टच्या भरवशावर चालायचं. श्रीलिपीसारख्या पद्धतीत कॉम्प्युटरच्या लेखी साठवलेला संकेत भलताच असायचा, फॉन्ट फक्त त्यावर देवनागरी आकार चढवायचा. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर तीच फाइल उघडली की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसायचा. जुन्या पतसंस्थांचा, ग्रंथालयांचा, छापखान्यांचा कितीतरी डेटा आजही असाच पडून आहे. दुसरी पद्धत होती इस्की, भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये ठरवून दिलेली. त्यात प्रत्येक चिन्हाला एक बाइट लागायचा. आज सगळीकडे युनिकोड आहे. त्याच्या यूटीएफ-८ या रूढ प्रकारात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात.

आता 'तुंगार्ली' घ्या. आपल्याला त्यात तीन अक्षरं दिसतात: तुं, गा, र्ली. कॉम्प्युटरला मात्र नऊ चिन्हं दिसतात. त, उकार, अनुस्वार, ग, काना, र, हलन्त, ल आणि दीर्घ वेलांटी. इस्कीत हा शब्द ९ बाइटमध्ये बसायचा. यूटीएफ-८ मध्ये त्याला २७ बाइट लागतात. जुन्या तक्त्यात गावाच्या नावासाठी २० बाइटची जागा ठेवलेली असेल, तर तिथे 'तुंगार्ली' आरामात मावत होतं. नव्या तक्त्यातही तेच माप ठेवलं, तर २० बाइटमध्ये सहा चिन्हं पूर्ण बसतात आणि सातवं अर्धवट तुटतं. उरतं काय? 'तुंगार'.

शहाणा डेटाबेस अशी नोंद नाकारतो आणि चूक दाखवतो. मधला एखादा घाईत लिहिलेला प्रोग्राम मात्र गुपचूप शेपूट कापून पुढे जातो, आणि हे जास्त धोकादायक. जागा कशी मोजतात हेही सगळीकडे सारखं नाही. ओरॅकल त्याच्या मूळ सेटिंगमध्ये बाइट मोजतं, तर मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस चिन्हं मोजतात. एकातून दुसऱ्यात जाताना '२०' हा आकडा तोच राहतो, अर्थ बदलतो.

दुसरी भानगड ऱ्ह आणि ऱ्य ची. इंटरनेटवर 'दुसऱ्या' ऐवजी 'दुसर्या' असं तुम्ही हजारदा वाचलं असेल. ते दर वेळी लिहिणाऱ्याचं अशुद्धलेखन नसतं. हा ऱ लिहिण्याच्या एकाहून जास्त पद्धती आहेत. त्यातल्या एका पद्धतीत र आणि हलन्तानंतर डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह टाकावं लागतं. डेटा साफ करताना 'न दिसणारी फालतू चिन्हं काढून टाका' अशी सूचना दिली, की ते चिन्ह जातं आणि 'गोऱ्हे' आडनावाचे 'गोर्हे' होतात. मग 'गोऱ्हे' शोधलं तर नोंद सापडतच नाही. नोंद आहे, पण सापडत नाही. खातेदाराच्या दृष्टीने दोन्ही सारखंच.

असाच प्रकार 'अॅ' चा. हे अक्षर अ वर चंद्र देऊन लिहिता येतं आणि स्वतंत्र अक्षर म्हणूनही. स्वतंत्र अक्षराला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २००८ मध्ये. दोन्ही दिसायला सारखीच, पण कॉम्प्युटरला वेगळी. त्यामुळे एकाच वकिलाची दोन खाती तयार होऊ शकतात आणि डोळे फाडून पाहिलं तरी फरक दिसणार नाही.

कंस, गुंठे आणि तारखा

लिपी नीट पोचली तरी अर्थ पोचेलच असं नाही.

हस्तलिखित सातबाऱ्यावर एखाद्याचा हक्क संपला, म्हणजे त्याने जमीन विकली किंवा तो वारला, की त्याचं नाव खोडत नसत. त्याला कंस करत. तलाठी, वकील, गावकरी सगळ्यांना माहीत की कंसातलं नाव म्हणजे गेलेलं नाव. डेटा एन्ट्री करणाऱ्या मुलाला हे माहीत नसेल तर? त्याने कंस सोडून नाव टाकलं, की तीस वर्षांपूर्वी जमीन विकलेला माणूस पुन्हा मालक. कागदावर जो अर्थ एका छोट्या खुणेत होता, त्याच्यासाठी डेटाबेसमध्ये स्वतंत्र रकाना करावा लागतो: ही नोंद चालू आहे की रद्द. ज्याने तक्ता आखला त्याला गावचं दप्तर वाचता येत असेल, तरच हे सुचतं.

क्षेत्राचंही तसंच. सातबाऱ्यावर १.०५.५० लिहिलं असेल तर त्याचा अर्थ १ हेक्टर, ५ आर, ५० चौरस मीटर. मधलं शून्य गळलं आणि १.५.५० झालं, की वाचणाऱ्याने ५ आर समजायचे की ५०? जुन्या एकर-गुंठ्यांच्या नोंदीत तर सापळाच आहे. '२.१०' म्हणजे २ एकर १० गुंठे, म्हणजे ९० गुंठे. एखाद्या प्रोग्रामने तो साधा दशांश अपूर्णांक समजला, तर २.१० एकर म्हणजे ८४ गुंठे होतात. सहा गुंठे हवेत. सहा गुंठे म्हणजे साडेसहा हजार चौरस फूट, तुंगार्लीत तेवढ्यात एक बंगला उभा राहतो.

तारखांचं थोडक्यात: ०३/०४/१९९८ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, अमेरिकन सेटिंग असलेल्या कॉम्प्युटरवर ४ मार्च. आणि १२ तारखेनंतरच्या नोंदी एकतर नाकारल्या जातात किंवा मजकूर म्हणून पडून राहतात.

सगळं पोचलं, हे कसं ओळखायचं?

सामान हलवल्यावर आपण खोकी मोजतो. डेटाबेसमध्येही पहिली तपासणी तीच. जुन्या तक्त्यात जितक्या ओळी, तितक्याच नव्यात आहेत का? दुसरी तपासणी बेरजांची. गावाचं एकूण क्षेत्र दोन्हीकडे सारखं येतं का, खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज त्या गटाच्या क्षेत्राशी जुळते का. तिसरी तपासणी 'हॅश'ची. फाइलमधल्या मजकुरावर गणित करून एक ठरावीक लांबीचा ठसा काढतात. आत एक वेलांटी जरी बदलली, तरी ठसा पूर्ण वेगळा येतो. डम्पची फाइल प्रवासात बिघडली नाही, हे यावरून कळतं. पण एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत रूपांतर केलं असेल तर ठसे जुळणारच नाहीत. तिथे माणूस लागतो.

महाराष्ट्रात हे माणसांचं काम फार मोठ्या प्रमाणावर झालं. कॉम्प्युटरवरचा सातबारा आणि हस्तलिखित सातबारा शेजारी ठेवून तपासायचा, फरक असेल तर दुरुस्त करायचा, यासाठी ई-फेरफारमध्ये एडिट आणि री-एडिट अशी खास सोय करण्यात आली. २०१७ मध्ये चावडी वाचनाची मोहीम झाली. गावात लोकांना बोलावून कॉम्प्युटरवरचे उतारे वाचून दाखवायचे आणि हरकती घ्यायच्या, अशी ती पद्धत. त्यावेळी 'ऑनलाइनच्या जमान्यात हे काय' म्हणून नाकं मुरडणारेही होते. माझ्या मते या सगळ्या प्रकल्पातली सर्वात शहाणी गोष्ट तीच होती. कंस सुटल्याने परत आलेला मयत खातेदार कुठल्याही प्रोग्रामला ओळखता येत नाही. त्याच्या पुतण्याला येतो.

या तपासणीनंतरच १ मे २०१८ रोजी डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला. आधी खात्री, मग सही, हा क्रम महत्त्वाचा आहे.

बटण दाबण्याची रात्र

नवा सर्व्हर तयार आहे, डेटा तपासून झालाय. आता जुना बंद करून नवा सुरू करायचा. या क्षणाला 'कटओव्हर' म्हणतात. पद्धत साधारण अशी: जुन्या डेटाबेसवर नव्या नोंदी घेणं थांबवायचं, शेवटच्या प्रतीनंतर जे बदल झाले तेवढे पाठवायचे, पुन्हा मोजायचं, आणि मग लोकांना नव्या पत्त्यावर वळवायचं. सरकारी किंवा बँकेची सेवा 'देखभालीसाठी शनिवार-रविवार बंद' अशी सूचना येते, तेव्हा पडद्यामागे बऱ्याचदा हेच चाललेलं असतं.

ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये असंच एका शनिवार-रविवारी ५२ लाख ग्राहकांचा डेटा जुन्या यंत्रणेतून नव्या यंत्रणेत नेला. डेटा व्यवस्थित पोचला. पण ज्या नव्या यंत्रणेवर तो पोचला, ती सोमवारची गर्दी झेलू शकली नाही. १९ लाख लोकांना आपलंच खातं उघडता येईना. सगळं सुरळीत व्हायला डिसेंबर उजाडला. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना पायउतार व्हावं लागलं आणि २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांहून जास्त दंड ठोठावला.

म्हणून जाणती माणसं दोन गोष्टी आधी ठरवतात. एक, परतीचा रस्ता. नवं चाललं नाही तर जुन्यावर किती वाजेपर्यंत परत यायचं? कारण नव्या डेटाबेसमध्ये नव्या नोंदी पडायला लागल्या, की परत जाणं म्हणजे त्या नोंदी गमावणं. दोन, मोजणारे आकडे. गावाचा शेवटचा फेरफार १८४२ असेल तर नव्या ठिकाणी पुढचा १८४३ च यायला हवा. डेटा आला, पण क्रमांक देणारं यंत्र पुन्हा १ वर गेलं, ही या क्षेत्रातली अगदी नेहमीची चूक आहे.

'बॅकअप आहे ना, मग काय!'

गिटलॅब ही जगभरच्या प्रोग्रामरांचं काम साठवणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथल्या एका कर्मचाऱ्याने दुय्यम सर्व्हरवरचा डेटा पुसतोय असं समजून मुख्य सर्व्हरवरचा पुसला. थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबी डेटा गेला. मग बॅकअप शोधायला गेले, तर रोजचा डम्पच निघत नव्हता. डम्प काढणाऱ्या साधनाची आवृत्ती आणि डेटाबेसची आवृत्ती जुळत नव्हती, आणि ते बंद पडल्याचे इशारे देणारे ईमेल कुणापर्यंत पोचतच नव्हते. सुदैवाने सहा तासांपूर्वी चाचणीसाठी काढलेली एक प्रत होती. तेवढ्यावर निभावलं, सहा तासांचं काम गेलं.

मायस्पेसचं तसं निभावलं नाही. सर्व्हर हलवताना २००३ ते २०१५ या काळात लोकांनी टाकलेली गाणी, फोटो, व्हिडिओ गेले, हे कंपनीने २०१९ मध्ये मान्य केलं. सुमारे पाच कोटी गाणी. परत आणण्याजोगी प्रत नव्हती.

तुमच्या ऑफिसात हे करायचं असेल तर

तुंगार्लीतली एखादी बंगल्यांची सोसायटी, छोटं हॉटेल, लोणावळ्याच्या बाजारातलं चिक्कीचं दुकान, यांचा डेटाबेस सातबाऱ्याइतका मोठा नसतो. पण दहा वर्षांचा हिशेब जाणं म्हणजे काय, ते मालकालाच ठाऊक.

आधी जुन्या आणि नव्या कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती पाहा. साधारण नियम असा, की जुन्यातून नव्यात जाता येतं, नव्यातून जुन्यात येता येत नाही. टॅलीचा डेटा नव्या आवृत्तीत एकदा रूपांतरित झाला, की जुन्या आवृत्तीत उघडत नाही. त्यामुळे मूळ फोल्डरची वेगळी प्रत काढल्याशिवाय हात लावू नका. टॅलीचं लायसन्स डेटाबरोबर आपोआप जात नाही. ते जुन्या कॉम्प्युटरवरून सरेंडर करून मग नव्यावर चालू करावं लागतं. जुना कॉम्प्युटर भंगारात गेल्यावर हे आठवून उपयोग नाही.

सगळ्यांना सॉफ्टवेअरमधून बाहेर पडायला सांगा, मग सॉफ्टवेअरचाच बॅकअप पर्याय वापरून प्रत काढा. ती नव्या कॉम्प्युटरवर उघडा. मग ताळेबंदाची बेरीज, शेवटची पावती, सर्वात जुनी पावती आणि मध्यातल्या पाच-दहा पावत्या दोन्ही स्क्रीनवर शेजारी ठेवून पाहा. जोडाक्षरं असलेली नावं मुद्दाम शोधून पाहा. प्रिंट काढा, कारण मराठी फॉन्टची खरी परीक्षा प्रिंटरवर होते. पासवर्ड, कुणाला काय पाहता येतं याचे नियम आणि रात्री आपोआप निघणारा बॅकअप या गोष्टी डेटाच्या प्रतीत बहुतेक वेळा येत नाहीत. त्या पुन्हा लावाव्या लागतात. महिनाभर, निदान एक महिनाअखेरीचा हिशेब पार पडेपर्यंत, जुना कॉम्प्युटर तसाच ठेवा, पण त्यावर नवी नोंद करू नका. दोन ठिकाणी नोंदी सुरू झाल्या की खरं कोणतं, हा वाद मिटत नाही.

आणि तो जुना कॉम्प्युटर विकताना फाइल 'डिलीट' करून भागत नाही. डिलीट केल्याने फक्त अनुक्रमणिकेतून नाव जातं, मजकूर बराच काळ डिस्कवर असतो. डिस्क पूर्ण पुसणारं साधन वापरा किंवा डिस्क काढून घ्या.

आणि आजोबांचा सातबारा?

महाभूलेखवर फुकट दिसणारा उतारा माहितीसाठी असतो. कायदेशीर कामाला चालणारा डिजिटल सहीचा उतारा महाभूमी पोर्टलवर १५ रुपये भरून मिळतो. तो काढा आणि घरातल्या जुन्या हस्तलिखित उताऱ्याशेजारी ठेवा. जुना उतारा नसेल तर वडगावच्या तहसील कार्यालयातल्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करता येतो. नावांची जोडाक्षरं, क्षेत्राचं एकक, कंसातली नावं, 'इतर हक्क' या रकान्यातले बोजे आणि फेरफार क्रमांक जुळवून पाहा. फेडलेल्या कर्जाचा बोजा अजून दिसत असेल तर ती वेगळी गोष्ट, तो कमी करण्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो. लोणावळा शहरातली काही मिळकत सिटी सर्व्हेत असते. तिची मिळकत पत्रिका भूमी अभिलेख खात्याकडे, वेगळ्या नोंदवहीत असते, त्यामुळे ती वेगळी तपासावी लागते.

हस्तलिखित आणि कॉम्प्युटरवरच्या उताऱ्यात फरक सापडला, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली लेखनातली चूक दुरुस्त करून घेता येते. अर्ज तहसीलदारांच्या नावे करायचा, सोबत जुन्या उताऱ्याची आणि संबंधित फेरफाराची नक्कल जोडायची. ई-हक्क पोर्टलवरही 'संगणकीकृत सातबाऱ्यातील चूक दुरुस्त करणे' असा पर्याय आहे. तिथून केलेला अर्ज तुमच्या गावच्या तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे जातो. या कलमाने फक्त नक्कल करतानाची चूक सुधारते, मालकीचा वाद सुटत नाही. भावाने वाटणीत गुंठे कमी दिले, ही तक्रार इथे चालणार नाही.